टाय रॉडची जागा आधी ठरते

गेले काही महिने मी पाइपच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या एका ऑफरोड गाडीचे पुढचे सस्पेन्शन स्वतः आखून, कापून आणि जोडून तयार करत होतो. ते एकदा पूर्ण झाले, गाडी त्यावर फिरलीही, आणि त्यानंतर त्यातले बरेचसे काम मला पुन्हा करावे लागले. चाकांना सांगाड्याशी जोडणारे आर्म वाकले नव्हते, वेल्ड तुटले नव्हते, स्प्रिंगही बरोबर बसली होती. चूक एकाच ठिकाणी होती. टाय रॉडचा, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, आतला सांधा कुठे असावा, हे मी सर्वांत शेवटी ठरवले होते. आखणीचा कागद कोरा असताना त्यावर जे पहिले पाचसहा बिंदू पडायला हवेत, त्यांत हा बिंदू असलाच पाहिजे असे आता माझे ठाम मत आहे, आणि ते कशावरून बनले ते मोजमापांसह येथे लिहून ठेवतो.

आधी गाडीविषयी थोडेसे. दोन माणसे बसल्यावर तिचे वजन सुमारे ९०० किलो भरते आणि त्यातले ३८० किलो पुढच्या दोन चाकांवर येते. पुढची चाके इंजिनाला जोडलेली नाहीत, त्यामुळे सीव्ही जॉइंटच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांच्या, कोनांची चिंता मला करावी लागली नाही. ज्यांच्या गाडीत पुढची चाकेही ओढतात, त्यांच्या आखणीत शाफ्टची लांबी आणि त्याचा कोन पहिल्या दिवसापासून हजर असतो. मी दुहेरी विशबोनची, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मनी धरणारी, रचना निवडली. खालचा आर्म ४२० मिमी, वरचा ३२० मिमी, चाकाचा एकूण प्रवास ३०० मिमी. त्यांपैकी गाडी उभी असताना वर जायला १८० आणि खाली उतरायला १२०.

अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ दांडा, का नाही, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या दगडांवरून सावकाश चढायचे असेल तर अखंड एक्सलला तोड नाही, कारण एक चाक वर उचलले की डिफरन्शिअलही त्याच्याबरोबर वर जाते आणि दुसरे चाक जमिनीकडे दाबले जाते. खडबडीत जमिनीवरून वेगात जाताना मात्र तोच एक्सल त्रास देतो. एक चाक उडाले की संपूर्ण एक्सल कलतो, फिरती चाके त्या कलण्याला गायरोस्कोपप्रमाणे प्रतिसाद देऊन स्वतःच वळू पाहतात आणि स्टीअरिंग थरथरू लागते. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले अभियंता मॉरिस ओली यांनी हा प्रश्न सोडवण्यावर बरेच काम केले आणि १९३४ च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आले. माझी गाडी वेगात पळवण्यासाठी होती, म्हणून माझा कौल स्वतंत्र सस्पेन्शनला.

पहिल्या खेपेला सगळे ठरलेल्या क्रमाने झाले, आणि तो क्रमच चुकीचा होता. आधी आर्म, मग नकल म्हणजे ज्यावर हब बसतो तो भाग, मग शॉक अब्झॉर्बरची जागा, मग स्प्रिंग. हे सगळे जागेवर आल्यावर माझ्याकडे असलेला स्टीअरिंग रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवले की आडवा सरकणारा दातेरी दांडा, समोरच्या आडव्या पाइपवर सोयीने बसला, तेथून नकलच्या भुजेपर्यंत जेवढी जागा उरली तेवढ्या लांबीचा टाय रॉड मी कापला आणि काम झाले असे समजलो. त्या टाय रॉडची लांबी ३६० मिमी भरली. सपाट फरशीवर चाके सरळ करून टो, म्हणजे वरून पाहताना चाकाचा पुढचा भाग किती आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळला आहे ते, मोजला तर तो शून्य होता.

सपाट जमिनीवर गाडी उत्तम चालली. खळग्यांची रांग लागली तेव्हा मात्र स्टीअरिंग दोन्ही हातांत घट्ट धरलेले असतानाही गाडीचे नाक डावी-उजवीकडे हुंगत चालल्यासारखे हलू लागले. एखादेच चाक उंचवट्यावर चढले की गाडी त्या अंगाला ओढ घ्यायची, आणि जोरात ब्रेक लावून नाक दबले की पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून फाकल्यासारखी वाटायची. आधी मला टायरमधल्या हवेची शंका आली, मग बेअरिंगची. दोन्ही तपासून झाल्यावर मी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा काढल्या आणि मोजायला बसलो.

ही मोजणी कोणालाही करता येईल इतकी साधी आहे, म्हणून ती नीट सांगतो. गाडीचा सांगाडा स्टँडवर पक्का उभा करायचा, शॉक अब्झॉर्बर काढून ठेवायचे, रॅक मध्यावर आणून हलणार नाही असा बांधायचा. चाक काढून हबवर अॅल्युमिनिअमची एक सपाट पट्टी बोल्टने आवळायची आणि तिच्यावर पुढे-मागे, २५० मिमी अंतरावर, दोन खुणा करायच्या. पट्टीसमोर, गाडीच्या लांबीला समांतर, एक सरळ फळी जमिनीला घट्ट रोवायची. आता खालच्या आर्मखाली जॅक लावून हब २५-२५ मिमीने वर न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही खुणांपासून फळीपर्यंतचे अंतर व्हर्निअरने मोजायचे. चाक वर जाताना आत-बाहेर सरकते, त्यामुळे अंतरे बदलणारच. आपल्याला हवा असतो तो दोन अंतरांतला फरक. ३०० मिमीच्या प्रवासात अशी १३ मापे मिळतात.

माझ्या मापांचा आलेख कंसासारखा आला. मध्यावर फरक शून्य, आणि वरच्या व खालच्या दोन्ही टोकांना फरक एकाच दिशेने वाढत जाऊन १० मिमीच्या थोडा पुढे गेलेला. २५० मिमीवर १० मिमी म्हणजे दोन अंशांहून अधिक टो-आउट, प्रत्येक चाकाला. गाडीचे नाक का हुंगत होते ते त्या कागदावर स्पष्ट दिसत होते. स्टीअरिंग स्थिर होते, चाके मात्र प्रत्येक खळग्यात स्वतःची दिशा बदलत होती.

आलेखाचा आकारच येथे निदान करतो, आणि या कामातली ही मला सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट आहे. दोन्ही टोके एकाच बाजूला वळत असतील तर टाय रॉडची लांबी चुकलेली असते. रेषा तिरपी असेल, म्हणजे चाक वर गेल्यावर टो-इन आणि खाली गेल्यावर टो-आउट किंवा याच्या उलट होत असेल, तर लांबी ठीक असून टाय रॉडच्या एखाद्या टोकाची उंची चुकलेली असते. दोन्ही दोष एकत्र असले की कंस तिरका दिसतो, आणि मग एका वेळी एकच दोष काढत जावे लागते.

कारण गणितात लगेच सापडते. माझ्या नकलवर टाय रॉडचा बाहेरचा सांधा खालच्या बॉल जॉइंटच्या (आर्म आणि नकल यांना जोडणाऱ्या सांध्याच्या) जवळपास त्याच उंचीवर, अक्षाच्या मागच्या बाजूला आहे. चाकाच्या प्रवासाच्या मध्यावर खालचा आर्म आडवा असतो, आणि तेथून १५० मिमी वर किंवा खाली गेला की तो सुमारे २१ अंशांनी कलतो. ४२० मिमी लांबीचा आर्म एवढा कलला की त्याचे बाहेरचे टोक सुमारे २८ मिमी आत येते. ३६० मिमीचा टाय रॉड तेवढाच वर गेला की त्याचे टोक जवळजवळ ३३ मिमी आत येते. हा पाच मिमीचा फरक १२० मिमीच्या स्टीअरिंग भुजेवर पडतो, भुजेचे मागचे टोक आत ओढले जाते आणि चाकाचा पुढचा भाग बाहेर वळतो. कोन निघतो सुमारे २.४ अंश. मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा इतके जवळ आले की शंकेला जागाच उरली नाही.

मग टाय रॉडचा आतला सांधा नेमका कुठे हवा? याचे उत्तर चाक स्वतः देते, आपण फक्त विचारायचे असते. मी एका प्लायवुडच्या पाटीवर समोरून दिसणारी सगळी रचना पूर्ण मापात काढली. वरच्या व खालच्या आर्मच्या जागी लाकडी पट्ट्या, सांध्यांच्या जागी खिळे, नकलच्या जागी प्लायचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यावर टाय रॉडच्या बाहेरच्या सांध्याच्या ठिकाणी पेन्सिल जाईल एवढे भोक. नकलचा तुकडा तळापासून वरपर्यंत सावकाश नेला की पेन्सिल पाटीवर एक वक्र रेषा काढते. दोन्ही आर्मची लांबी वेगळी असल्यामुळे ती रेषा अगदी काटेकोर वर्तुळाचा भाग नसते, पण इतकी जवळची असते की या कामाला पुरते. त्या रेषेवर तळाचा, मधला आणि वरचा असे तीन बिंदू घ्यायचे, शाळेत शिकलेले लंबदुभाजक काढायचे, आणि ते जेथे छेदतात त्या केंद्रावर टाय रॉडचा आतला सांधा ठेवायचा. टाय रॉडचे टोक ज्या वर्तुळावर फिरू पाहते त्याच वर्तुळावर चाक त्याला नेत असेल, तर चाकाला वळण्याचे काही कारणच उरत नाही.

माझ्या पाटीवरचे केंद्र खालच्या आर्मच्या आतल्या सांध्याच्या किंचित वर पडले, आणि जुना रॅकचा सांधा त्याच्यापासून सुमारे ६० मिमी बाहेर होता. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून रॅक १२० मिमी जास्त रुंद होता. येथे पर्याय दोनच होते. आर्मचे आतले सांधे बाहेर आणून आर्म आखूड करायचे आणि प्रवास गमवायचा, नाहीतर अरुंद रॅक शोधायचा. मी रॅक बदलला. अरुंद रॅकमध्ये दातांचा प्रवासही अनेकदा कमी असतो, म्हणून घेण्याआधी हिशेब केला: चाक ३२ अंश वळवायचे असेल तर १२० मिमीच्या भुजेला प्रत्येक बाजूस साधारण ६४ मिमी सरकावे लागते, म्हणजे एकूण १२७ मिमी. नव्या रॅकचा प्रवास त्याहून थोडा जास्त निघाला. जुन्या रॅकचे ब्रॅकेट कापताना आडवा पाइपही कापावा लागला, तो नव्या जागी पुन्हा जोडला, आणि त्याच्याबरोबर पुढचा निम्मा सांगाडा ग्राइंडरखालून गेला. हे सगळे कागदावर एका संध्याकाळी टळले असते.

चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचे दोन कल, समोरून दिसणारा किंगपिनचा आणि बाजूने दिसणारा कॅस्टरचा, तेवढ्यात तपासून घेतले. कॅस्टर ७ अंश ठेवला आहे. टायरची भारित त्रिज्या ३९० मिमी असल्यामुळे चाक जमिनीवर आपल्या वळणाच्या अक्षामागे सुमारे ४८ मिमी घसटत येते, आणि हात सैल सोडला की स्टीअरिंग आपोआप सरळ होते. किंगपिनचा कल १० अंश. जास्त बाहेर निघालेली रिम लावण्याचा मोह या गाड्यांत फार होतो, पण त्यामुळे किंगपिनचा अक्ष आणि टायरचा मध्य यांतले जमिनीवरचे अंतर वाढते आणि दगडाला धडकलेले चाक त्या अंतराच्या तरफेने स्टीअरिंग हिसकावते. अंगठे स्टीअरिंगच्या आऱ्यांच्या आत अडकवून गाडी चालवू नये, हे प्रत्येक नव्या माणसाला गाडीत बसण्याआधी सांगावे असे मला वाटते.

स्प्रिंगबाबत एक जागा अशी आहे की तेथे अनेक जण घसरतात. प्रत्येक पुढच्या चाकावर येणाऱ्या १९० किलोंपैकी ४० किलो चाक, हब आणि आर्मचे आहेत, म्हणजे स्प्रिंगवर पेलले जाते ते १५० किलो. पुढच्या बाजूची स्वाभाविक कंपनसंख्या मला सेकंदाला १.४ हवी होती, मागच्या बाजूची त्याहून थोडी अधिक. मागची बाजू उंचवट्यावर उशिरा पोहोचते, ती किंचित भरभर हलली तर दोन्ही बाजू लवकर एका तालात येतात आणि गाडी झुलत राहत नाही. १.४ साठी चाकापाशी ११.६ न्यूटन प्रति मिमी एवढा ताठरपणा लागतो. शॉक अब्झॉर्बर खालच्या आर्मवर आतल्या सांध्यापासून ७० टक्के अंतरावर बसतो आणि २२ अंश कललेला आहे, त्यामुळे चाक एक मिमी हलले की तो ०.६५ मिमी हलतो. आता स्प्रिंगचा ताठरपणा काढताना ११.६ ला ०.६५ ने एकदा भागून थांबायचे नसते, दोनदा भागायचे असते. ताकद एका गुणोत्तराने बदलते आणि हालचाल दुसऱ्यांदा त्याच गुणोत्तराने. उत्तर येते २७.५. एकदाच भागणाऱ्याला मिळते १७.८, आणि त्या स्प्रिंगवर ही गाडी १२७ मिमी बसण्याऐवजी जवळजवळ २०० मिमी बसली असती. म्हणजे वर जाण्याचा एक तृतीयांशाहून जास्त प्रवास उभ्या उभ्याच संपला असता.

आर्मसाठी ४१३० क्रोममॉलीचा, म्हणजे क्रोमिअम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा, ३२ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा पाइप वापरला. यामागे हौस नव्हती, हिशेब होता. चाकावर उभ्या वजनाच्या चौपट भार आला असे धरले तर बॉल जॉइंटपाशी सुमारे ७,४५० न्यूटन येतात, आणि तेथून शॉक अब्झॉर्बरच्या जागेपर्यंतचे अंतर १२६ मिमी आहे. आर्मच्या दोन पाइपांत वाटून घेतलेला वाकवणारा ताण सुमारे २६० मेगापास्कल निघतो. साधे सौम्य पोलाद साधारण २५० ला कायमचे वाकू लागते. नॉर्मलाइज केलेले ४१३० साधारण ४३५ पर्यंत टिकते. दगडाला समोरून बसणारा धक्का या हिशेबात नाही, म्हणून दोन पाइपांमध्ये बाहेरच्या टोकाजवळ पत्र्याचे गसेट, म्हणजे बळकटीचे तुकडे, घातले. शॉक अब्झॉर्बरचे कान जोडताना वेल्डची रेघ पाइपच्या लांबीच्या दिशेने ठेवली. सर्वाधिक ताणाच्या जागी पाइपभोवती आडवी रेघ ओढली तर भेग तेथूनच सुरू होते.

खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला आटे असलेला रॉड एंड मी लावला नाही. त्या जागी आट्यांवर वाकवणारा भार येतो आणि आटा तर मुळातच कापलेली जागा असतो. त्याऐवजी यंत्रावर कातलेल्या घरात स्फेरिकल बेअरिंग दाबून बसवले आणि ते घर आर्मला सपाट न जोडता किंगपिनच्या कलाएवढे तिरपे जोडले, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे २१ अंशांची मोकळीक सारखी मिळते. सपाट जोडले असते तर एका बाजूला ३१ अंश लागले असते आणि बेअरिंग प्रवास संपण्याआधीच अडले असते. सगळे बोल्ट १०.९ दर्जाचे आहेत, प्रत्येक बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला आहे, आणि आट्यांचा भाग सांध्याच्या आत येणार नाही अशी लांबी निवडली आहे.

जोडणीच्या वेळी वेल्डिंगमध्ये आयुष्य घालवलेले एक काका मदतीला होते. आर्मच्या आतल्या बाजूला बुश बसायची दोन नळकांडी असतात आणि ती एकाच सरळ रेषेत राहिली तरच आर्म मोकळा फिरतो. काकांनी दोन्ही नळकांड्यांतून एकच लांब, घासून गुळगुळीत केलेली सळई घातली आणि म्हणाले, "सळई बोटाने फिरते तोवर वेल्ड करत राहा. अडली की हात थांबव." पहिल्या आर्मवर मी एका बाजूची पूर्ण रेघ एका दमात ओढली आणि सळई जागच्या जागी घट्ट झाली. काकांनी विरुद्ध बाजूला ज्योत धरून तो भाग लाल केला, हवेत निवू दिला, आणि सळई पुन्हा फिरली. पुढचे तिन्ही आर्म आम्ही चाळीसेक मिमीच्या तुकड्यांत, समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून, प्रत्येक तुकड्यानंतर सळई फिरवून पाहत जोडले. त्या तिघांना ज्योत दाखवावी लागली नाही.

नवा रॅक बसल्यावर तीच पट्टी, तीच फळी, तीच १३ मापे. पहिल्या फेरीत आलेख किंचित तिरपा आला, म्हणजे लांबी जमली होती आणि उंची थोडी चुकली होती. रॅकच्या खाली ३ मिमीच्या चकत्या घातल्यावर संपूर्ण प्रवासात सर्वांत मोठा फरक २५० मिमीवर ०.८ मिमी राहिला, साधारण ०.२ अंश. त्याच खळग्यांच्या रांगेवर गाडी पुन्हा नेली. स्टीअरिंग हलके धरूनही ती आखलेल्या रेषेत गेली, आणि मागे वळून पाहिले तर मातीत पुढच्या टायरांचे ठसे सरळ उमटलेले होते.

चाक खाली उतरताना शॉक अब्झॉर्बर ताणला जाऊ नये म्हणून बांधलेले नायलॉनचे पट्टे पहिल्या दिवसाच्या धावण्यात १२ मिमी ताणले गेले. ते आतल्या भोकावर बांधून घेतले, तळाची दोन मापे पुन्हा घेतली आणि वहीत आधीच्या आकड्यांशेजारी लिहिली. दोन्ही ठिकाणी फरक तेवढाच आहे.